बेगम अख्तर : सब्राचा सूर

रमजानला सब्राचा महिना म्हणतात. पहाटे सहरीला उठायचे, दिवसभर तहान-भूक सोसायची, जिभेला लगाम घालायचा आणि मगरीबची अजान झाली की खजुराच्या तुकड्याने रोजा सोडायचा. सब्राचा एवढा अर्थ घरातल्या लहान मुलालाही कळतो. पण काहींच्या नशिबी आलेला सब्र तीस दिवसांत संपत नाही. जुळी बहीण डोळ्यांदेखत गेली, वडील असून नसल्यासारखे झाले, पोटी मूल राहिले नाही, आई गेली आणि ज्या गळ्यावर सारा मुलूख फिदा होता तो गळाही काही वर्षे मिटून घ्यावा लागला. अशा बाईने सब्र करायचा म्हणजे नेमके काय करायचे? गप्प बसायचे? गझल आणि ठुमरीची मलिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेगम अख्तर यांनी गप्प बसूनही पाहिले. ते त्यांच्या जिवावर बेतले होते.

बिब्बी

फैजाबाद ही अवधच्या नवाबांची जुनी राजधानी. तिथे ७ ऑक्टोबर १९१४ रोजी मुश्तरीबाईंना जुळ्या मुली झाल्या. एक जोहरा आणि दुसरी अख्तरी. अख्तरीला लाडाने सगळे बिब्बी म्हणत. मुश्तरीबाई गाणाऱ्या होत्या. असगर हुसेन नावाचे तरुण वकील त्यांच्यावर भाळले आणि त्यांनी मुश्तरीबाईंशी दुसरे लग्न केले. पण कोठ्यावरचे गाणे ऐकायला जाणे वेगळे आणि त्या गाणारणीला घरची म्हणणे वेगळे. हे लग्न टिकले नाही. असगर हुसेन यांनी मुश्तरीबाईंपासून आणि दोन्ही मुलींपासून हात झटकले.

मुली चार वर्षांच्या असताना त्यांच्या खाण्यात विष घातलेली मिठाई आली. बिब्बी वाचली, जोहरा गेली. एकाच कुशीत वाढलेल्या दोघींपैकी एक अशी निघून जाते, तेव्हा उरलेलीला मरण म्हणजे काय हे कळायचे वय नसते. पण शेजारची जागा रिकामी झाली आहे, एवढे तिला कळतेच.

मुश्तरीबाई लेकीला घेऊन बिहारमध्ये गयेला नातलगांकडे आल्या. हाताशी पैसा नव्हता. सात वर्षांची बिब्बी एकदा फिरत्या नाटक कंपनीतल्या चंद्राबाईंचे गाणे ऐकून आली आणि त्या गाण्याने तिला पछाडले. मुलीचा गळा पाहून तिला पाटण्याचे सारंगीवादक इमदाद खाँ यांच्याकडे बसवण्यात आले. पुढे पतियाळा घराण्याचे अता मोहम्मद खाँ यांची तालीम मिळाली. कलकत्त्याला आल्यावर किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडेही तिने धडे घेतले. हेच अब्दुल वहीद खाँ हिराबाई बडोदेकर यांचेही गुरू. अवधची ही मुलगी आणि महाराष्ट्राची लाडकी गायिका अशा एकाच उस्तादाच्या शिष्या झाल्या. शेवटी झंडे खाँ यांच्याकडे तिची तालीम स्थिरावली.

या सगळ्या वाटचालीत मुश्तरीबाई सावलीसारख्या सोबत होत्या. उस्ताद शोधायचे, त्यांची मर्जी राखायची, घरभाडे भागवायचे आणि मुलीला रियाजाला बसवायचे, हे सगळे त्या एकट्या बाईने केले. नवरा गेला, एक लेक गेली, तरी उरलेल्या लेकीचा सूर तिने जाऊ दिला नाही. बिब्बीने सब्राचा पहिला धडा घेतला तो आईकडून. मुश्तरीबाईंचा सब्र हात जोडून बसणारा नव्हता, तो राबणारा होता.

अख्तरीबाई फैजाबादी

कलकत्ता तेव्हा रंगभूमी, ग्रामोफोन आणि बोलपट या तिन्हींचे शहर होते. तिथल्या उर्दू रंगभूमीवर अख्तरीने कामे केली. १९३३ मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘एक दिन की बादशाहत’ आणि ‘नल दमयंती’ या बोलपटांतून ती पडद्यावर आली. त्या काळी नटाला स्वतःच गावे लागे, त्यामुळे गाणाऱ्या मुलींना मागणी होती.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळला भूकंपाचा जबर हादरा बसला. भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी कलकत्त्यात जलसा झाला. त्या जलशात अख्तरी गायली. श्रोत्यांत सरोजिनी नायडू होत्या. गाणे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी कौतुक तर केलेच, पुढे खादीची साडीही भेट पाठवली, असे सांगतात. ज्या बिहारात पोरकेपणाचे दिवस काढले, त्याच बिहारच्या दुःखासाठी गाऊन या मुलीने मोठ्या मंचावर नाव मिळवले. लोक तिला आता अख्तरीबाई फैजाबादी म्हणून ओळखू लागले.

ग्रामोफोनच्या बाबतीतली एक हकीकत तिच्या चाहत्यांत फार प्रसिद्ध आहे. मेगाफोन कंपनीने तिच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, पण सुरुवातीला त्यांना उठाव नव्हता. चिंतेत पडलेल्या मुश्तरीबाई लेकीला घेऊन बरेलीला एका पीरसाहेबांकडे गेल्या. पीरसाहेबांनी गझलांची वही मागितली, एक पान उघडले, त्यावर हात ठेवला आणि पुढच्या खेपेला हीच गझल आधी गायला सांगितले. ती बेहजाद लखनवी यांची गझल होती. अख्तरीबाईंनी ती गायली आणि घराघरांत त्यांचे नाव झाले. कुणी याला पीरसाहेबांची दुआ म्हणेल, तर कुणी म्हणेल की ती गझल आणि तो गळा यांची गाठ केव्हातरी पडणारच होती. अख्तरीबाईंच्या मनात मात्र त्या दिवसापासून गाणे आणि दुआ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या.

त्या ध्वनिमुद्रिकेने काय जादू केली याची एक साक्ष पंडित जसराज देत असत. हैदराबादला लहानपणी शाळेत जाताना वाटेवरच्या हॉटेलात ही गझल वाजत असे. छोटा जसराज तिथेच थबकायचा आणि शाळा राहून जायची. ज्या गळ्याने पुढे अवघे शास्त्रीय संगीत गाजवले, त्याला शाळेच्या वाटेवर अडवणारी बाई कोठ्यावरच्या परंपरेतून आली होती, हे त्या मुलाला माहीतही नसेल.

बोलपटांची कामे चालूच होती. ‘अमीना’, ‘मुमताज बेगम’, ‘जवानी का नशा’, ‘नसीब का चक्कर’ असे बोलपट झाले. पण त्यांचे मन सेटवर रमले नाही. त्या लखनौला येऊन राहिल्या आणि मैफलींत बुडाल्या. मुंबईहून मेहबूब खान यांनी ‘रोटी’साठी बोलावले तेव्हा त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९४२ च्या या चित्रपटाला अनिल विश्वास यांचे संगीत होते आणि चंद्रमोहन, शेख मुख्तार, सितारादेवी अशी मंडळी सोबत होती. त्यातली अख्तरीबाईंची काही गाणी पुढे चित्रपटातून वगळली गेली. मुंबईत पैसा होता, नाव होते. तरी काम संपताच त्या लखनौला परतल्या.

बॅरिस्टरसाहेबांचे घर

नाव, पैसा, दागिने, चाहते, सारे काही असताना अख्तरीबाईंना हवे होते ते घर. आईला जे मिळाले नाही ते. ज्या घराच्या दारातून आत गेल्यावर कुणी मागल्या दाराने बाहेर काढणार नाही, असे घर. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी त्यांचा निकाह झाला. अब्बासी काकोरीच्या खानदानी घराण्यातले, उर्दू शायरीचे दर्दी आणि सभ्य गृहस्थ होते. वकिलाने नाकारलेल्या बाईची लेक बॅरिस्टरच्या घरची बेगम झाली. मुश्तरीबाईंच्या आयुष्यात जे मोडले होते ते लेकीच्या आयुष्यात जुळले.

किंमत मात्र मोठी होती. खानदानी घराची सून मैफलीत गात नाही. अख्तरीबाईंनी गाणे सोडले. ही अट त्यांच्यावर कुणी लादली असे म्हणणेही पुरेसे नाही, कारण त्यांनी ती स्वतः मान्य केली होती. पडदा, घरकाम, पाहुणे, सण, यांत त्या रमण्याचा प्रयत्न करत होत्या. ज्या समाजाने आईला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्या उंबऱ्याआत राहण्यासाठी त्या काहीही द्यायला तयार होत्या. त्यांच्याजवळ देण्यासारखी सर्वांत मोलाची चीज गळा होती. ती त्यांनी देऊन टाकली.

सुमारे पाच वर्षे हे मौन चालले. या वर्षांत मूल व्हावे ही आसही पुन्हा पुन्हा तुटली. गर्भ राहायचा आणि जायचा. लग्नानंतरच्याच काळात मुश्तरीबाईही गेल्या. आई म्हणजे अख्तरीबाईंना बांधून ठेवणारा शेवटचा धागा होता. त्या आईच्या कबरीपाशी जात आणि तासन्‌तास रडत बसत. माहेर संपले होते, कूस रिकामी होती आणि या सगळ्या दुःखाला वाट करून देणारे गाणे बंद होते. हळूहळू त्यांनी अंथरूण धरले. औषधांचा गुण येईना. घरच्यांना आणि उपचार करणाऱ्यांना अखेर उमगले की बाईंचा आजार गळ्यात अडकलेला आहे आणि त्याला गाणे हेच औषध आहे.

दुःखात बाईमाणसाला सगळे सब्र करायला सांगतात. तिने डोळे पुसावेत, घर सांभाळावे आणि आवाज करू नये, असा त्याचा अर्थ घेतला जातो. अख्तरीबाईंनी तोच अर्थ पाच वर्षे मनापासून पाळला. पण सब्राचा मूळ अर्थ तग धरणे, पाय रोवून उभे राहणे असाही आहे. गाणे बंद केल्यावर त्यांचे पायच लटपटू लागले होते.

लखनौचे रेडिओ स्टेशन

१९४९ मध्ये लखनौच्या आकाशवाणी केंद्राच्या स्टुडिओत अख्तरीबाई पुन्हा माइकसमोर बसल्या. बॅरिस्टरसाहेबांनी संमती दिली होती. मैफल नव्हे, लोकांसमोर बसणेही नव्हे, बंद खोलीतले रेडिओचे गाणे, एवढीच सुरुवातीची सवलत होती. त्या दिवशी त्यांनी तीन गझला आणि एक दादरा गायला. गाणे संपले आणि त्यांना रडू आवरले नाही. स्टुडिओची ती बंद खोली त्यांच्यासाठी दुसऱ्या जन्माची जागा ठरली.

हा प्रसंग एका बाईच्या घरातला वाटला तरी त्यामागे मोठा बदल घडत होता. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. नवाबांच्या आणि संस्थानिकांच्या दरबारांचा आधार संपत आला होता. कोठे उजाड होत होते. ज्यांचे नाव कोठ्याशी जोडलेले आहे त्या गायिकांना आकाशवाणीची दारे बंद करण्याचे धोरणही त्याच काळातले. शेकडो गाणाऱ्या बायका अशा विस्मृतीत गेल्या. त्यांच्यातल्या कित्येकींच्या गळ्यात काय होते हे आता कुणीच सांगू शकणार नाही. अख्तरीबाईंचा दरवाजा उघडला, त्याला त्यांची प्रतिभा जितकी कारण झाली तितकेच त्यांचे बदललेले नावही. ‘बाई’ मागे पडले आणि ‘बेगम’ पुढे आले. अख्तरीबाई फैजाबादी आता बेगम अख्तर झाल्या. गळा तोच होता, ठुमरीही तीच होती. नावामागची पदवी बदलली आणि समाजाचे कान मोकळे झाले.

लखनौ शहरात मात्र नवऱ्याच्या घराण्याचा मान राखून त्यांनी जाहीर मैफली टाळल्या. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी मदतनिधीसाठी त्या लखनौत गायल्या तो कार्यक्रमही फक्त स्त्रियांसाठी होता. बाहेरगावी मात्र त्या देशभर गायल्या. पुढे पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि सोव्हिएत संघातही त्यांचे गाणे पोहोचले. आपली शायरीची आवड बॅरिस्टरसाहेबांनीही पत्नीच्या गाण्याला दिली. जे गाणे घराच्या आड येईल असे वाटत होते, तेच पुढे त्या घराचे भूषण झाले.

तुटणारा आवाज

बेगम अख्तर यांच्या गाण्यात एक जागा अशी येई की श्रोते श्वास रोखून तिची वाट पाहत. वरच्या स्वराकडे जाताना आवाज क्षणभर चिरे, तुटे आणि पुन्हा सुरात सांधला जाई. जाणकार त्याला ‘पत्ती लागणे’ म्हणत. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तो दोष ठरला असता. रियाजाने घासून-पुसून तो घालवता आला असता. पण त्यांच्या गाण्यात नेमकी तीच खूण झाली. सबंध गझलेचा दर्द त्या एका चिरेत साठलेला असे. आवाज तुटतो, पण सूर सुटत नाही. त्यांच्या आयुष्याचीही हीच रीत होती.

गझल त्या काळी मैफलीत दुय्यम समजली जाई. ख्याल मोठा, मग ठुमरी आणि गझल सर्वांत शेवटी. बेगम अख्तर यांनी गझलेला रागाची बैठक दिली, ठुमरीची बोलबनाव दिली आणि शब्दाला त्याचा पूर्ण मान दिला. शब्द गिळायचा नाही, तानेखाली चिरडायचा नाही, शेराचा दुसरा मिसरा येईपर्यंत पहिला मिसरा श्रोत्याच्या मनात मुरू द्यायचा, ही त्यांची पद्धत होती. स्वतः हार्मोनियम वाजवत, नाकातली हिऱ्याची चमकी झळकवत त्या गात. मीर, गालिब, मोमिन यांच्यापासून जिगर मुरादाबादी, फैज, कैफी आझमी आणि तरुण सुदर्शन फाकिर यांच्यापर्यंतचे शायर त्यांच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोहोचले. ज्यांनी उर्दूचे अक्षर कधी गिरवले नव्हते, अशा लोकांना त्यांनी उर्दू शायरीचा चटका लावला.

शकील बदायुनी यांच्या गझलेची गोष्टही अशीच सांगितली जाते. मुंबईचा मुक्काम आटोपून बेगम अख्तर लखनौच्या गाडीत बसल्या होत्या. गाडी सुटता सुटता शकील फलाटावर आले आणि त्यांनी खिडकीतून एक कागद हातात दिला. मधल्या प्रवासात त्यांना त्या कागदाची आठवण झाली. गाडीतच बाजा काढला गेला आणि लखनौ येईपर्यंत भैरवीत चाल बांधून तयार झाली. प्रेमाच्या शेवटावर डोळे भरून येण्याची ती गझल पुढे त्यांची ओळखच बनली. मुंबईच्या फलाटावर दिलेला कागद लखनौला गाणे होऊन उतरला.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखी एक नाजूक धागा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी लखनौत १९२६ मध्ये संगीत महाविद्यालय सुरू केले. घराण्यांच्या बंद दारांआडची विद्या शाळेच्या फळ्यावर यावी, सभ्य घरच्या मुलामुलींना ती शिकता यावी, ही त्यांची तळमळ होती. पुढे भातखंड्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महाविद्यालयात बेगम अख्तर यांनी शिकवले. तवायफांच्या परंपरेतली ठुमरी आणि दादरा त्यांच्या रूपाने विद्यालयाच्या वर्गात सन्मानाने बसला. इकडे महाराष्ट्रात शोभा गुर्टू यांच्यासारख्या गायिकेने ठुमरी-दादऱ्यासाठी बेगम अख्तर यांना आदर्श मानले, तेव्हा हे वर्तुळ आणखी मोठे झाले.

सत्यजित राय यांनी १९५८ च्या ‘जलसाघर’मध्ये त्यांना पडद्यावर आणले. ऱ्हासाला लागलेल्या जमीनदाराच्या दिवाणखान्यात त्या ठुमरी गातात. झुंबरे आहेत, गालिचे आहेत, अत्तर आहे, पण हे सारे उद्या नसणार हे पाहणाऱ्याला कळते. ते जग संपताना बेगम अख्तर यांनी प्रत्यक्षातही पाहिले होते. त्यातली सुरांची ठेव मात्र त्यांनी उचलून बाहेर आणली.

अम्मी

पोटी मूल नव्हते, पण शिष्यांनी त्यांना अम्मी म्हटले. शांती हिरानंद आणि अंजली बॅनर्जी यांना त्यांनी रीतसर गंडा बांधला. गंडाबंधनात गुरू शिष्याच्या मनगटावर धागा बांधतो, गूळ-चणे भरवतो आणि त्या क्षणापासून विद्येचे नाते रक्ताच्या नात्याइतके घट्ट होते. हा मान परंपरेने पुरुष उस्तादांचा. बाईने उस्ताद होऊन शिष्यांना गंडा बांधावा ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. रीता गांगुली याही त्यांच्या शिष्या. शिष्यांमध्ये हिंदू मुली होत्या, सिंधी होत्या, बंगाली होत्या. अम्मींच्या घरी त्या खात-पीत, राहत, रुसत आणि शिकत. शांती हिरानंद यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही ‘अम्मी’ हाच शब्द आहे. ज्या बाईची कूस पुन्हा पुन्हा रिती झाली होती, तिच्या पश्चात तिला अम्मी म्हणून आठवणारी लेकरे राहिली.

बेगम अख्तर कुणी संत-महंत नव्हत्या. हट्टी होत्या, उधळ्या होत्या, लहर फिरली की कुणाचे ऐकत नसत. सिगारेटचे व्यसन तर असे की त्याच्या गोष्टीच झाल्या. ‘पाकीजा’ पाहताना सिगारेटसाठी त्या मधूनच उठून बाहेर जात, त्यामुळे तो चित्रपट पूर्ण पाहायला त्यांना सहा वेळा जावे लागले, असे सांगतात. एकदा एका स्थानकावर सिगारेट मिळेना, तेव्हा त्यांनी रेल्वेच्या गार्डच्याच हातातला कंदील आणि निशाण काढून घेतले, त्याला शंभराची नोट दिली आणि सिगारेट आणायला पिटाळले. तो परत येईपर्यंत गाडी हलणार कशी!

अशा लहरी बाईची श्रद्धाही तिच्या स्वभावासारखीच होती. ती कधी नियमात बसायची, कधी नाही, पण खोल होती. लखनौच्या मोहरमात त्यांची मैफलीची गाणी थांबत आणि करबलाच्या शहिदांसाठी त्या सोज आणि मर्सिये म्हणत. तोच गळा होळीच्या दिवसांत कृष्णाची होरी गाई, श्रावणात कजरी आणि चैत्रात चैती गाई. अवधच्या मातीत हे वेगळे काढून दाखवता येत नाही. त्यांना कुणी कधी विचारले असते की यातले आपले कुठले आणि परके कुठले, तर प्रश्नच त्यांना उमगला नसता.

हजच्या प्रवासातली त्यांची एक आठवण सांगितली जाते. मदिनेत असताना जवळचे पैसे संपले. परक्या देशात, परक्या भाषेत कुणापुढे हात पसरायचा? त्या खाली बसल्या आणि पैगंबरांच्या स्तुतीची नात म्हणू लागल्या. माणसे गोळा झाली. पैशांची नड भागली. लखनौच्या रईसांच्या दिवाणखान्यांत गायलेला गळा मदिनेच्या रस्त्यावर, ना दाद ना बिदागीच्या अपेक्षेने, नुसता पुकारत होता. लग्नानंतर गाणे की प्रतिष्ठा हा पेच ज्यांनी पाच वर्षे सोसला, त्यांना श्रद्धा की गाणे हा पेच त्या रस्त्यावर पडला नाही. त्यांच्या गळ्यातून निघालेली हाक ही त्यांची दुआ होती.

मैफल संपली तेव्हा

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान. एव्हाना हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली होती. विश्रांतीचा सल्ला त्यांनी फारसा मनावर घेतला नाही. एकदा गप्प बसून काय होते ते त्यांनी अनुभवले होते. पुन्हा तो अनुभव घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

१९७४ ची रमजान ईद होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या अहमदाबादला मैफलीसाठी गेल्या होत्या. तब्येत बरी नव्हती, तरी गायल्या. गाणे मनासारखे झाले नाही म्हणून त्यांनी आणखी जोर लावला, असे सांगतात. मैफलीनंतर प्रकृती ढासळली आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांनी तिथेच डोळे मिटले. वय होते साठ वर्षे. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिले.

त्यांना लखनौला आणण्यात आले आणि ठाकूरगंज भागात पसंदबागेत दफन करण्यात आले. काकोरीच्या खानदानी कबरस्तानात नव्हे, तर मुश्तरीबाईंच्या शेजारी. लग्नाने मिळालेले नाव त्यांनी अभिमानाने मिरवले. अखेरची जागा मात्र त्या गाणाऱ्या आईच्या कुशीतली ठरली, जिला एका वकिलाचे घर टिकवता आले नव्हते. आयुष्यभर बाई आणि बेगम या दोन नावांमध्ये जे अंतर समाजाने राखले, ते त्या दोन कबरींमध्ये उरलेले नाही.

भोवती वस्ती वाढत गेली तशी ही जागा बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली. २०१२ मध्ये गाण्यावर प्रेम करणाऱ्यांनी पुढाकार घेऊन कबरींची डागडुजी केली, संगमरवर बसवला आणि पारिजातकाचे झाड लावले. ज्यांना माहीत आहे ते आजही गल्लीबोळांतून वाट काढत तिथे जातात, फातिहा वाचतात आणि क्षणभर दोन्ही मायलेकींपाशी बसतात.